केक, विजेचे भांडे आणि आपला पंचवीस डिसेंबर



डिसेंबर महिना आपल्या समाजासाठी धावपळीचा असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीला कोरेगाव भीमा आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. याच दिवसांत शाळांना नाताळची सुट्टी लागते आणि पौड, पिरंगुट, हिंजवडीच्या बेकऱ्यांत मनुका व टुटीफ्रुटी भरलेला तपकिरी फ्रूट केक मांडला जातो. मुलांचे पाय तेथे अडखळतात. अर्ध्या किलोची किंमत ऐकून आईबापांचे पाय मात्र लगबगीने पुढे पडतात.

पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करणाऱ्या भगिनीने मागच्या रविवारी वंदनेनंतर विचारले, "दादा, दिवाळीला कंपनीनं मिठाईच्या ऐवजी एअर फ्रायर दिला. पोरं म्हणत्यात, त्यात केक कर. सासूबाई म्हणत्यात, नाताळ काय आपला सण न्हाय. तुम्हीच सांगा, करू का नको? आन् केला तर त्यात व्हतो का?"

प्रश्न दोन आहेत. एक विचाराचा आणि एक कृतीचा. विचाराचा प्रश्न आधी घेऊ, कारण 'काय खाल्ले' आणि 'कोणाच्या हातचे खाल्ले' या दोन प्रश्नांनी आपल्या पिढ्यान् पिढ्यांना छळले आहे.

केक कोणाचा?

सासूबाईंच्या शंकेला कोणी हसू नये. बावीस प्रतिज्ञा घेऊन जुने देव, जुने उपास, नवस सोडलेल्या पिढीची ती शंका आहे. एक सोडून दुसऱ्याच्या मागे लागायचे नाही, ही त्यामागची सावधगिरी आहे आणि ती योग्य आहे. पण केक म्हणजे पूजा नव्हे. पीठ, साखर, लोणी आणि सुका मेवा यांचा तो भाजलेला पदार्थ आहे. केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याने १८८३ साली मर्डोक ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून भारतातला पहिला नाताळचा केक भाजला, असे सांगितले जाते. म्हणजे या मातीतही केकला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

आणि खरे सांगायचे तर केक आपल्या वस्तीत केव्हाच आलेला आहे. १३ एप्रिलच्या मध्यरात्री बाबासाहेबांच्या जयंतीचा केक कापणे आता गावोगावी रूढ झाले आहे. त्यात तलवारीने केक कापणे, तोंडाला फासणे, उरलेला पायदळी तुडवणे हे जे प्रकार घुसले आहेत, त्यांचा मात्र निषेधच केला पाहिजे. उपाशी पोटाची किंमत माहीत असलेल्या समाजाने अन्न तोंडाला फासावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. केक करावा, कापावा आणि खावा. फासू नये.

शिवाय नगर, जालना भागातील आपलेच अनेक सगेसोयरे मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. त्यांनी एक वाट धरली, आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाची वाट धरली. जातीचा जाच टाळण्यासाठीच दोघेही घराबाहेर पडले. त्यांच्या घरून नाताळात केकचा डबा आला, तर तो प्रेमाने घ्यावा आणि वैशाख पौर्णिमेला आपल्याकडून खिरीचा डबा धाडावा. यात कोणाचा धम्म बुडत नाही.

बिस्किटाने धर्म बुडाला होता!

धर्म बुडाल्याची हाकाटी मात्र आपल्या पुण्यातच झाली होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. उपस्थितांची यादी पुढे वर्तमानपत्रात छापून आली आणि सनातन्यांनी गदारोळ केला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि एवढ्या मोठ्या विद्वानांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. कारण काय, तर पाद्र्याच्या घरचा चहा. ज्यांच्या हाती सत्ता, शिक्षण व प्रतिष्ठा होती त्यांची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसांची काय असेल?

ती काय होती हे महाडने दाखवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठवून गुंडांनी परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. तेथे काही लोक जेवत होते. त्यांचे अन्न मातीत मिळवले गेले आणि भांडीकुंडी फोडली गेली. बंधूंनो, लाठी माणसांवर तर पडलीच, पण ती जेवणाच्या भांड्यांवरही पडली, हे विसरू नका.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी सामान देण्याचे नाकारले. धान्यधुन्य बाहेरून आणावे लागले. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री त्याच जागेत मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाच्या ठरावासाठी पुढे आलेले बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपले भांडण माणसाशी नाही, माणसाला माणसाच्या ताटावरून उठवणाऱ्या ग्रंथाशी आहे, हे त्या रात्री जगाला कळले.

हात कोणाचा?

त्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत कर्मार, म्हणजे लोहारसुद्धा आहे. आता आपल्या घरातले चित्र आठवा. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी शेवटचे भोजन कोणाच्या घरी घेतले? चुंद कर्मारपुत्राच्या! त्या भोजनानंतर तथागतांचे दुखणे बळावले. तेव्हा त्यांनी आनंदाला बजावले, की चुंदाला कोणी दोष लावू नये. ज्या अन्नानंतर ज्ञान प्राप्त झाले आणि ज्या अन्नानंतर परिनिर्वाण होते, ही दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत. एका ग्रंथाने लोहाराचे अन्न वर्ज्य ठरवले आणि जगाच्या शास्त्याने आपल्या अखेरच्या आजारातही लोहाराच्या मनाला बोचणी लागू नये म्हणून काळजी घेतली. दोन संस्कृतींमधला फरक याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. २०१७ साली पुण्यातच एका उच्चशिक्षित अधिकारी महिलेने आपल्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. जात लपवून स्वयंपाक केला, असा आरोप होता. ती स्वयंपाकीण आपल्या समाजाची नव्हती, मराठा समाजातील होती. पुढे चहूकडून निषेध झाला आणि फिर्याद मागे घेतली गेली. पण फिर्याद देण्याइतके ते मनात होते, हे तर खरे ना?

आपल्या मुळशी तालुक्यातल्या कितीतरी भगिनी रोज सकाळची बस धरून बावधन, सूस, हिंजवडीच्या सोसायट्यांत स्वयंपाकाला जातात. त्यांतली एक ताई मालकिणीच्या ओव्हनमध्ये केक, बिस्किटे, पाव असे सारे सुबक भाजते. पाहुणे तारीफ करतात. मात्र तिचा चहाचा कप ओट्याखाली वेगळा ठेवलेला असतो. मागच्या वर्षी तिने हौसेने आपल्या घरी केक करून डब्यातून नेला. डबा दोन दिवसांनी जसाच्या तसा परत आला. "आम्ही बाहेरचं खात नाही गं," असे उत्तर मिळाले. तेच हात, तोच मैदा, तीच साखर. त्यांच्या ओट्यावर केला तर केक 'घरचा' आणि आपल्या ओट्यावर केला तर 'बाहेरचा'! ज्यांच्या घरी अशी भगिनी कामाला आहे आणि जे तिला आपल्या टेबलावर चहा देतात, अशीही घरे आहेत. त्यांना जयभीम. बाकीच्यांसाठी आपला लढा चालू आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: केक अवश्य करा, आणि आपल्या ओट्यावर करा. फक्त एक पथ्य पाळा. बाजारच्या फ्रूट केकमध्ये मेवा पुष्कळदा रममध्ये किंवा ब्रँडीत भिजवलेला असतो. पंचशीलाचे पाचवे शील घेतलेल्या घरात तो नको. विकत आणताना विचारून घ्या. घरी करताना मेवा संत्र्याच्या रसात भिजवा. हिवाळ्यात नागपुरी संत्री स्वस्त असतात, आणि नागपूरचे तर आपल्यावर मोठे ऋण आहे!

वीज आणि फ्रायर

आता दुसरा प्रश्न. एअर फ्रायर हे नाव मोठे असले तरी तो एक छोटा विजेचा ओव्हनच आहे. वर तापणारी कॉइल आणि तिच्यामागे पंखा. पंखा गरम हवा भांड्याभोवती जोराने फिरवतो, म्हणून पदार्थ लवकर भाजतो. २०१० साली फिलिप्स कंपनीने हे यंत्र या नावाने बाजारात आणले; आता अनेक कंपन्यांचे मिळते. यात केक उत्तम होतो. फक्त कॉइल वर जवळ असल्याने वरचा भाग लवकर करपतो, हे लक्षात ठेवायचे.

आपण मुळशीकर आहोत, तेव्हा विजेबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो तीन वर्षे चालला. पण गावे पाण्याखाली गेलीच. मुळशीचे ते पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरते. ते वीजघर सुरू झाले १९२७ साली. वीज मुंबईला गेली. त्याच साली, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, माणसांना तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागत होती. पाण्यापासून वीज करण्याइतका माणूस पुढे गेला, पण पाणी माणसाला देण्याइतका गेला नाही. म्हणून यंत्र घरात आले म्हणजे प्रगती झाली, असे समजू नये. यंत्रासोबत विचारही घरात यावा लागतो.

यंत्राच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. १४०० वॅटचा फ्रायर सहा अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढतो. म्हणून तो मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नये. वायर तापून आग लागते. घरगुती साध्या इन्व्हर्टरवरही तो चालत नाही. केक अर्धा झाला असता वीज गेली, तर झाकण उघडू नका. थोड्या वेळात वीज आली तर पुढे चालू करा.

साहित्य (सहा इंची डब्यासाठी)

मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, कॅरॅमलसाठी साखर २ मोठे चमचे, बिनमिठाचे लोणी ८० ग्रॅम (किंवा तेवढेच तेल), अंडी २, बेकिंग पावडर १ लहान चमचा, चिमूटभर मीठ. मनुका, काळ्या मनुका, खजुराचे तुकडे, टुटीफ्रुटी मिळून १५० ग्रॅम. याच दिवसांत डोंगरचा आवळा येतो. घरी मोरावळा असेल तर त्याच्या दोन फोडी बारीक चिरून घाला, छान आंबट-गोड चव येते. दोन संत्र्यांचा रस आणि थोडी किसलेली साल (पांढरा भाग नको, कडू लागतो). दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची पूड मिळून अर्धा लहान चमचा.

अंडे नको असेल त्यांनी अर्धी वाटी घट्ट दह्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा फेटून घालावा आणि बेकिंग पावडर निम्मी करावी.

कृती

१. आदल्या रात्री मेवा संत्र्याच्या रसात काचेच्या बरणीत भिजवावा. रसात दारू नसल्याने तो फार दिवस टिकत नाही. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचा तर फ्रीजमध्ये ठेवावा. घाई असेल तर मेवा रसासह पाच मिनिटे मंद आचेवर उकळून गार करावा.

२. दोन चमचे साखर कढईत कोरडीच वितळवावी. गडद तपकिरी झाली की गॅस बंद करून तीन चमचे गरम पाणी बेताने घालावे. हे मिश्रण जोराने उसळते, मुलांना दूर ठेवावे. केकचा रंग यातून येतो.

३. लोणी व पिठीसाखर हलके होईपर्यंत फेटावे. एकेक अंडे घालून पुन्हा फेटावे. मैदा, बेकिंग पावडर, मीठ व मसाला दोनदा चाळून त्यात मिसळावा. कॅरॅमल गार झाल्यावर घालावे.

४. मेवा निथळून त्याला चमचाभर मैदा चोळावा, म्हणजे तो तळाशी बसत नाही. मग पिठात हलक्या हाताने मिसळावा. पीठ चमच्यातून सावकाश पडेल इतके सैल असावे. घट्ट वाटल्यास निथळलेला रस घालावा.

५. डब्याला आतून लोणी लावून तळाला कागद घालावा. पीठ डब्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डब्याभोवती हवा खेळायला बोटभर जागा राहिली पाहिजे.

६. फ्रायर १६० अंशांवर पाच मिनिटे तापवावा. डब्यावर फॉइल घालून कडा नीट दुमडाव्या. सैल फॉइल उडून कॉइलला चिकटतो. १५० अंशांवर तीस मिनिटे भाजावे, मग फॉइल काढून आणखी पंधरा ते वीस मिनिटे. मध्ये सुई टोचून पाहावी. कोरडी निघाली की केक झाला. प्रत्येक यंत्राची धग वेगळी, म्हणून पंचेचाळीस मिनिटांनंतर लक्ष ठेवावे.

७. दहा मिनिटांनी डब्यातून काढून जाळीवर गार करावा. दुसऱ्या दिवशी कापल्यास तुकडे मोडत नाहीत. डिसेंबरच्या थंडीत तो चार-पाच दिवस बंद डब्यात चांगला राहतो. कोरेगावला शिदोरी म्हणून न्यायचा असेल तर ३० डिसेंबरला भाजावा.

हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस, हिशेबाशिवाय राहवत नाही. वरील सामानाला बाजारभावाप्रमाणे दोनशे रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि अर्धा किलोहून थोडा जास्त केक होतो. वीज किती? १४०० वॅटचे यंत्र सलग तासभर तापले तर १.४ युनिट, पण ते मधून मधून आपोआप बंद होते, म्हणून त्याहून कमीच. केकच्या विजेची भीती नको. मात्र रोज अर्धा तास पापड, बटाटे भाजत राहिलात तर महिन्याला वीसेक युनिट वाढू शकतात, आणि महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो.

ज्यांच्याकडे फ्रायर नाही त्यांनी केकसाठी हप्त्यावर घेऊ नये. जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू पसरून वर स्टँड ठेवावा, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर केकचा डबा पन्नास मिनिटे ठेवावा. चव तीच लागते.

महिला मंडळांनी केक विकायचा विचार जरूर करावा. अन्न सुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे छोट्या घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते, ती आधी करावी. अंड्याचा केक असेल तर तसे डब्यावर स्पष्ट लिहावे. आणि डब्यावर आपले नाव, आडनाव ठळक छापावे. लपवून विकण्याचे दिवस गेले पाहिजेत.

यंदा एवढे करू या

२५ डिसेंबर अनेक संघटना स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी विहारात वंदना घ्यावी, महाडचा इतिहास एखाद्या मुलीने वाचून दाखवावा, आणि मग केक कापावा. भन्तेजींना दान द्यायचे असेल तर दुपारी बाराच्या आत द्यावे. त्यानंतर ते भोजन घेत नाहीत. केक बायकांनी भाजला असेल तर भांडी पुरुषांनी घासावी. स्त्रीला दासी ठरवणारा ग्रंथ चौकात जाळायचा आणि घरात ताट जागेवरच सोडून उठायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

आणि पहिला तुकडा वस्तीतल्या सर्वांत वयोवृद्ध आजीला द्यावा. तिच्या पिढीने लांबून ओंजळीत ओतलेले पाणी प्यायले आहे आणि अंगावर फेकलेली भाकर झेलली आहे. तिच्या हातात बशी द्या, बशीत तुकडा द्या आणि शेजारी बसून खा.

जयभीम! नमो बुद्धाय!